ओळखीची किंकाळी

श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटायचं असलं की गुम्मिडिपूंडीत लोक गच्चीवर जातात. चेन्नईच्या मूर मार्केट कॉम्प्लेक्समधून उत्तरेला निघणाऱ्या बऱ्याचशा लोकल गाड्या ज्या स्टेशनात संपतात, ते हे गाव. कारखान्यांची वसाहत ओलांडली की आंध्रची हद्द, बाजूला पुलिकतचं खारं सरोवर, आणि त्या पाण्यापलीकडे अवकाश केंद्राचं बेट. सरळ रेषेत अंतर चाळीस किलोमीटरच्या आतच भरतं. खाली घरोघरी टीव्हीवर आकडे उतरत असतात. शून्य होतं आणि झाडांच्या वर उजेडाचा एक ठिपका चढू लागतो. गडगडाट इथवर पोचलाच तर तो हिशेबाने पावणेदोन मिनिटं उशिरा पोचतो. तोवर ठिपका ढगात गेलेला असतो.

ही उलटी मोजणी रॉकेटवाल्यांची म्हणून आपण ओळखतो. पण ती निघाली गोष्टी रचणाऱ्यांच्या घरातून. ज्यूल व्हर्नच्या १८६५ च्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीत तोफ डागण्याआधी सेकंद मोजतात ते सुलट: पस्तीस, छत्तीस, असं करत चाळिसापर्यंत. मराठी वाचकाला ही कादंबरी फार लवकर भेटली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या, कोचीनमध्ये जन्मलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकात ती १९०० पासून क्रमशः येत होती. मोजणी उलटी फिरवली ती जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने, १९२९ च्या ‘फ्राउ इम मोंड’ या चित्रपटात. सुलट आकडे चढत गेले तर बार नेमका कधी उडणार ते प्रेक्षकाला कळत नाही, उलट उतरत गेले तर कळतं, एवढा साधा नाटकी हिशेब त्यामागे होता. गंमत अशी, की तो मूकपट. ती मोजणी प्रेक्षकांनी पाटीवर वाचली, ऐकली नाही. चित्रपटाला सल्ला देणारा हेर्मान ओबेर्थ हा खरा रॉकेटशास्त्रज्ञ. त्याच्या वर्तुळातली पोरं पुढे खरी रॉकेटं उडवू लागली आणि आकडे बरोबर घेऊन गेली.

त्या आकड्यांना घराघरांत आवाज दिला रेडिओने. २४ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत एनबीसीवर विज्ञानकथांची एक नाट्यमालिका सुरू झाली. दर भाग उड्डाणाच्या मोजणीने उघडायचा आणि मालिकेचं नावच त्या मोजणीतून उचललेलं होतं: ‘एक्स मायनस वन’. जानेवारी १९५८ पर्यंत ती चालली. त्याआधी त्याच एनबीसीची ‘डायमेन्शन एक्स’ होती, एप्रिल १९५० ते सप्टेंबर १९५१. दोन्हींची रीत एकच. ‘अस्टाउंडिंग’, ‘गॅलक्सी’ अशा मासिकांत छापून आलेली कथा उचलायची आणि अर्ध्या तासाचं नभोनाट्य करायचं. बरीचशी लिखाणं अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्स या दोघांच्या हातची. (हाच किनॉय पुढे ‘रूट्स’ या गाजलेल्या टीव्ही मालिकेच्या लेखकांत होता.) नव्या मालिकेत जुन्या मालिकेची कितीतरी नाट्यं पुन्हा वापरली गेली. त्यामुळे एका कथेची छापील आवृत्ती, पहिलं नभोनाट्य आणि चार वर्षांनंतरचं दुसरं, अशा तीन पिढ्या शेजारी ठेवून बघता येतात. असा योग फार कथांच्या वाट्याला येत नाही. रे ब्रॅडबरीच्या एका कथेच्या आला, आणि त्या तीन पिढ्यांमध्ये जे झालं ते सांगण्यासारखं आहे.

कथा छापली गेली २३ सप्टेंबर १९५० च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये. मासिकाने तिला मुलांनी घडवलेलं जग अशा अर्थाचं मवाळ नाव दिलं होतं. पुढल्याच वर्षी ‘द इलस्ट्रेटेड मॅन’ या संग्रहात ती आली ती ‘द व्हेल्ट’ म्हणून. व्हेल्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं गवताळ माळरान.

जॉर्ज आणि लिडिया हॅडली यांनी तीस हजार डॉलर मोजून एक स्वयंचलित घर घेतलेलं आहे. ते घर स्वयंपाक करतं, बुटांच्या नाड्या बांधतं, झोपाळ्यासारखं झुलवून झोपवतं. मुलांसाठी एक खोली आहे, चाळीस फूट लांब, चाळीस फूट रुंद, तीस फूट उंच. उरलेल्या घराला जेवढा खर्च आला त्याच्या दीडपट या एका खोलीवर झालेला. मुलांच्या मनात जे येईल ते तिच्या भिंतींवर जिवंत होतं, वासासकट. बऱ्याच दिवसांपासून तिथे फक्त आफ्रिकेचं रान आहे. तापलेलं गवत, घिरट्या घालणारी गिधाडं, आणि लांबवर काहीतरी खात बसलेले सिंह. काय खातायत ते दिसत नाही. बाप एक दिवस ठरवतो की घर बंद करायचं, काही दिवस साधेपणाने राहायचं. मुलं रडतात, फक्त एक मिनिट म्हणून गयावया करतात. शेवटी तीच आईबापांना हाक मारून खोलीत बोलावतात आणि बाहेरून दार लावून घेतात. मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड मॅक्लीन पोचतो तेव्हा मुलं माळरानात सहलीला बसावं तशी बसलेली असतात. सिंहांचं खाणं आटोपत आलेलं असतं, आणि मुलगी पाहुण्याला चहा विचारते.

मुलांची नावं पीटर आणि वेंडी. जेम्स बॅरीच्या १९०४ च्या ‘पीटर पॅन’ नाटकातली ती जोडी इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत ठाऊक होती. मोठं व्हायला नकार देणारा पीटर आणि त्याच्याबरोबर उडून जाणारी वेंडी. ब्रॅडबरीने ती नावं कुठलंही स्पष्टीकरण न देता ठेवून दिली आहेत. त्याच्या स्वतःच्या घराण्यातही या मुलांचं एक थोरलं भावंड आहे. १९४७ ची त्याची ‘झीरो अवर’ ही कथा, ज्यात अंगणात ‘स्वारी स्वारी’ खेळणारी पोरं खरोखरच परग्रहावरच्या शत्रूला आत घेतात आणि शेवटी माळ्यावर लपलेल्या आईबापांना एक चिमुरडी हसतहसत शोधून काढते. दोन्ही कथांचा शेवट लहान मुलीच्या तोंडच्या अगदी निरुपद्रवी शब्दांवर होतो. एक लपाछपीतला, एक पाहुणचारातला. कागदावर हे वाचताना आपण तो गोड आवाज मनात लावतो आणि दचकतो. रेडिओवर तो आवाज नटीने लावायचा असतो. नटी जरा जरी दुष्टपणा दाखवायला गेली तरी डाव फसला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही कथा भिंतीवर दिसणाऱ्या चित्रांची असली तरी तिचं रहस्य आवाजात लपवलेलं आहे. सुरुवातीला नवराबायको खोलीत उभे असतात तेव्हा लिडिया विचारते, आत्ता किंकाळी ऐकलीत का? जॉर्ज म्हणतो, नाही. पुढे एका रात्री बिछान्यात पडल्या पडल्या दोघांनाही खोलीतून किंकाळ्या ऐकू येतात. लिडियाला त्या ओळखीच्या वाटतात. कुणाच्या ते काही सुचत नाही. आणि अगदी शेवटी, सिंह तीन बाजूंनी सरकत येतात, दोघं ओरडतात, आणि त्या क्षणी त्यांना उमगतं की आधीच्या त्या किंकाळ्या ओळखीच्या का होत्या. मुलं आईबापांचं मरण त्या खोलीत पुन्हा पुन्हा खेळून बघत होती. ऐकू येत होते ते या दोघांचेच आवाज.

कागदावर हे साधतं कारण कागद मुका आहे. ‘ओळखीच्या वाटल्या’ एवढं लिहिलं की वाचक पुढे जातो. त्याला किंकाळी ऐकू आलेलीच नसते, ओळखणार कुठून? लेखकाने पुरावा समोर ठेवला आणि तो आपल्याला तपासताच आला नाही. रहस्यकथेच्या भाषेत याला लबाडी म्हणतात. फरक इतकाच, की ब्रॅडबरीची लबाडी सचोटीची आहे, कारण त्याने काहीच दडवलेलं नाही.

ही कथा स्टुडिओत नेली की हा मुकेपणा संपतो आणि दिग्दर्शकापुढे पेच उभा राहतो. पहिल्या किंकाळीचंच घ्या. ती श्रोत्याला ऐकवायची की नाही? ऐकवली तर श्रोता लिडियाच्या बाजूला जातो, जॉर्ज बहिरा नाहीतर खोटारडा ठरतो. नाही ऐकवली तर श्रोता जॉर्जबरोबर राहतो आणि लिडिया भ्रमिष्ट वाटू लागते. छापील कथेत वाचक दोघांच्या मधोमध उभा असतो. रेडिओवर मधोमध जागाच नाही. दुसरा पेच रात्रीच्या किंकाळ्यांचा. त्या ऐकवाव्याच लागतात, पण कुणाच्या आवाजात? जॉर्ज-लिडियाची कामं करणाऱ्या नटांच्याच आवाजात दिल्या तर तीक्ष्ण कानाचा श्रोता अर्ध्या वाटेतच शेवट ओळखेल. दुसऱ्या कुणाच्या दिल्या तर शेवटी फसवणूक झाल्याची तक्रार रास्त ठरेल. प्रामाणिक मार्ग एकच: त्याच नटांचा आवाज, पण भिंतीआडून, लांबून, थोडा विद्रूप करून. म्हणजे ओळख पटावी आणि तरी नाव सुचू नये. लिडियाला जे होतं तेच श्रोत्याला होतं. वाचकाला ते कधीच होऊ शकत नव्हतं. इथे नभोनाट्य मूळ कथेच्या पुढे जाऊ शकतं, आणि तेही एक अक्षर न बदलता.

सिंहांचा प्रश्न निराळा. डरकाळी रेकॉर्डवर तयार मिळते. या कथेतले सिंह मात्र बहुतेक वेळ डरकाळ्या फोडत नाहीत, ते खात असतात. तीसच्या दशकात शिकागोतून निघालेल्या ‘लाइट्स आउट’ या भयनाट्यांच्या मालिकेत हाडं मोडल्याचा आवाज काढायला डुकराच्या फासळ्या पाइप पान्यात धरून मोडत. मुंडकं उडवायचं तर कोबीचा गड्डा चिरत. आपल्याकडच्या आकाशवाणीच्या स्टुडिओत करवंट्या आपटून घोडे दौडवणारे ध्वनिपरिणामवाले होते, त्यांना यात काही नवल वाटलं नसतं. पण ‘द व्हेल्ट’मध्ये हाडांचा आवाज जितका स्पष्ट तितकी कथा स्वस्त होते. काय खातायत ते दिसत नाही, यातच सगळं आहे. लांबून येणारा ओला, अर्धवट आवाज आणि त्यावर जॉर्जचं उगाच समजूत घालणारं बोलणं, एवढं पुरे.

वास मात्र रेडिओ देऊ शकत नाही. ब्रॅडबरीने गरम गवताचा, पाणवठ्याचा, जनावरांच्या अंगाचा, लाल मिरपुडीसारख्या धुळीचा असा वासांचा अख्खा परिच्छेद घातला आहे, आणि कथेचं रान वाचकाच्या नाकातून आत शिरतं. रेडिओवर लिडिया नुसती म्हणू शकते की कसला वास येतोय हा. आणखी एक गोष्ट हातातून जाते: जॉर्जला खोलीत सापडणारं स्वतःचं जुनं पाकीट, चावलेलं, लाळेने आणि रक्ताने माखलेलं. छापील कथेत लिडिया विचारते तेव्हा तो एवढंच म्हणतो की माझं जुनं पाकीट; बाकीचं निवेदन दाखवतं. रेडिओवर त्याला सगळंच बोलावं लागतं. वस्तू हातात घेऊन ‘हे काय, हे तर माझं पाकीट!’ असं हवेला सांगणं ही नभोनाट्याची जुनी खोड; आपल्याकडची नाट्यंही तिच्यातून सुटलेली नाहीत. तरी या कथेत ती फार खुपत नाही, कारण नवराबायको एकमेकांना खोलीच दाखवत असतात. बोलायला निमित्त आहे.

किनॉयचं पहिलं रूपांतर ‘डायमेन्शन एक्स’वर ऑगस्ट १९५१ मध्ये गेलं. कथा छापून येऊन वर्षही झालं नव्हतं. या मालिकेचा हा झपाटा होता. ब्रॅडबरीचीच रिकाम्या घराची कथा ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ ६ मे १९५० च्या ‘कॉलियर्स’मध्ये आली आणि १७ जूनला रेडिओवर, वर सांगितलेल्या ‘झीरो अवर’शी जोडी लावून. त्या कथेत माणूस एकही नाही. अणुस्फोटात घरची माणसं भिंतीवरच्या सावल्या होऊन गेली आहेत आणि घर तेवढं वेळ सांगत, न्याहारी करत, कविता म्हणत राहिलं आहे. प्रक्षेपणानंतर आठ दिवसांनी कोरियाचं युद्ध पेटलं. नुसत्या यंत्रांच्या आवाजावर नभोनाट्य उभं करायचं धाडस पाहिलं की ‘द व्हेल्ट’ त्यामानाने सोपी वाटते. तिथे निदान भांडायला एक कुटुंब आहे.

१९५१ च्या रूपांतरात आईबाप मरतात, कथेत मरतात तसेच. ऑगस्ट १९५५ मध्ये तेच लिखाण ‘एक्स मायनस वन’वर पुन्हा घेतलं गेलं. या खेपेला त्याच्याभोवती एक नवी चौकट बसवलेली होती. जॉर्ज आणि लिडिया खरोखर मेलेले नाहीत, सगळं कुटुंब मानसोपचार घेत आहे, असा खुलासा त्या चौकटीत होता. आतला मजकूर तोच राहिला. तरी कथा दुसरीच झाली.

या एका चौकटीने काय काय मोडलं ते बघण्यासारखं आहे. किंकाळ्या आपल्याच होत्या हे मरताना कळणं हा कथेचा प्राण. दोघं जगले, की त्या किंकाळ्या दुखण्याचं लक्षण ठरतात. डॉक्टर वहीत टिपून घेईल असं काहीतरी. मुलीचा चहा हा आता गुन्हा राहत नाही, तो मनोविकाराचा नमुना होतो. आणि डेव्हिड मॅक्लीन! मूळ कथेत तो या सगळ्याचं अचूक निदान करतो, खोली पाडून टाका म्हणून सांगतो, आणि यायला उशीर करतो. ज्ञान बरोबर असूनही कामी येत नाही, ही ब्रॅडबरीची कडू गोळी. १९५५ च्या आवृत्तीत मानसोपचार वेळेवर पोचतो आणि जिंकतो.

असं का केलं असेल? माझा तर्क त्या काळाकडे बोट दाखवतो. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं सांगणारं पुस्तक काढलं. सिनेटच्या समितीसमोर त्यावर सुनावणी झाली. वर्ष संपायच्या आत कॉमिक्सवाल्यांनी स्वतःच स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. आईबापांना जिवंत सिंहांच्या तोंडी देणारी दहा-दहा वर्षांची दोन मुलं त्या हवेत कुठल्याही वाहिनीच्या अधिकाऱ्याला अवघड गेली असती. चौकटीसाठी निवडलेला इलाजही त्याच दुकानातला: मुलांबद्दल धोक्याची घंटा वाजवणारा तज्ज्ञ मनोविकारांचा, आणि कुटुंब बरं करणाराही तोच.

रेडिओला असा खुलासा करायची सवय जुनीच होती. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या स्वारीचं नाट्य बातमीपत्राच्या थाटात सादर केलं, आणि शेवटी स्वतःच्या आवाजात ही सणाची गंमत होती असं सांगून टाकलं. त्या रात्रीच्या घबराटीच्या कहाण्या वर्तमानपत्रांनी पुढे बऱ्याच फुगवल्या. वेल्सचा खुलासा नाटकाबाहेर होता, श्रोत्याला उद्देशून. १९५५ चा खुलासा नाटकाच्या आत शिरून पात्रांनाच जिवंत करतो. पहिला मला सभ्यपणा वाटतो, दुसरा भित्रेपणा.

त्यात रेडिओची स्वतःची एक अडचणही होती. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दहापैकी एका घरातसुद्धा टीव्ही धड नव्हता. १९५५ मध्ये दहापैकी सहांहून अधिक घरांत होता. भिंतीवरची चित्रं मुलांना आईबापांपासून तोडतात असं सांगणारी कथा, त्या चित्रांनी श्रोते पळवून नेलेला रेडिओ सांगत होता. एवढं आयतं कोलीत हातात असताना किनॉयच्या मालिकेने ते विझवून टाकलं. शिवाय मनात येईल ते समोर उभं करणारी ती खोली म्हणजे दुसरं काय आहे? सिंहाचं कातडं, गवताचा रंग, दाराची कडी, सगळं ऐकणाऱ्याने स्वतःच घडवायचं. मुलांच्या त्या खोलीचं सर्वांत जवळचं खरं यंत्र त्या काळी प्रत्येक स्वयंपाकघराच्या फळीवर होतंच.

पुढची वंशावळ भराभर सांगता येते. ब्रॅडबरीने स्वतः या कथेचं नाटक केलं. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला ते रंगमंचावर आलं. १९६९ च्या ‘द इलस्ट्रेटेड मॅन’ चित्रपटात ती पडद्यावर गेली, आणि सिंह प्रत्यक्ष दिसल्याने काहीही साधलं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर ‘ब्रॅडबरी १३’ ही तेरा भागांची मालिका झाली, तिच्यात पुन्हा नभोनाट्य. २००७ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वर आणखी एक. २०१२ मध्ये संगीतकार डेडमाउसने याच नावाचं गाणं काढलं. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रॅडबरी गेला. नभोनाट्य पुन्हा पुन्हा होत राहिलं. कथेचा ओढा कुठे आहे ते एवढ्यावरून दिसावं.

आपल्या बाजूला काय आहे? रेडिओ तर इथे फार लवकर आला. मद्रासच्या हौशी मंडळींनी १९२४ मध्येच क्लब काढून प्रक्षेपण सुरू केलं. पैसे आटल्यावर त्यांचं यंत्र महापालिकेकडे गेलं आणि १९३० पासून महापालिकाच कार्यक्रम लावू लागली. आकाशवाणीचं मद्रास केंद्र आलं १९३८ मध्ये. मराठीत विज्ञानकथेने आणि नभोनाट्याने मात्र वेगवेगळी घरं केली. नभोनाट्य रमलं ते घरगुती बोलण्यात. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ज्यांनी ऐकलेत त्यांना ते शेजारच्या बिऱ्हाडातलेच वाटायचे. विज्ञानकथा वाढली ती दिवाळी अंकांत आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत. त्या स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ती आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात.

याच्या अगदी उलटी वाट बंगालीत सापडते. १६ फेब्रुवारी १९६६ रोजी आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर ‘सबुज मानुष’ ही विज्ञानकथा सादर झाली. प्रेमेंद्र मित्र, अद्रीश बर्धन, दिलीप रायचौधुरी आणि सत्यजित राय या चौघांनी मिळून ती रचली होती. मायक्रोफोनसाठी जन्मलेली कथा नंतर कागदावर आली. छापील कथा रेडिओवर नेताना जे गळतं आणि जे नव्याने मिळतं, त्याचा हिशेब इथे उलट्या बाजूने मांडावा लागतो.

नारळीकरांच्या घराण्यात रेडिओ आहे, पण गुरूकडून. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉएल रेडिओवर बोलण्यात पटाईत. विश्वाच्या आरंभाला ‘बिग बँग’ हे नाव हॉएलने दिलं ते मार्च १९४९ मध्ये बीबीसीवरच्या व्याख्यानात. त्याला स्वतःला तो सिद्धान्त मान्य नव्हता, तरी नाव चिकटलं, कारण ते कानाला पटलं. त्याची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ ची. तिचं नभोनाट्यही बीबीसीने त्याच वर्षी केलं. शिष्याने गुरूकडून विज्ञानकथा घेतली.

नारळीकरांच्या कथा स्टुडिओत नेल्या तर कुठली टिकेल याचा मी गुम्मिडिपूंडीच्या लोकलमध्ये कानात ‘एक्स मायनस वन’ लावून बराच विचार केला आहे. पोन्नेरीनंतर डबा रिकामा होतो, ऐकायला बरं पडतं. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घेऊ. मोबियसच्या पट्टीसारख्या पिळलेल्या अवकाशातून जाऊन आलेली वस्तू आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी होते. डाव्या सोंडेच्या गणपतीची सोंड उजवीकडे जाते, उजव्या हाताने गोलंदाजी करणारा डावखुरा होऊन परत येतो. सगळा चमत्कार डोळ्यांचा. डावं-उजवं कानाला कळतच नाही. माणूस आरशातून उलटा होऊन आला तरी त्याचा आवाज तसाच राहील.

आणि तरीही ही कथा रेडिओवर उभी राहील असं मला वाटतं, ते तिच्यातल्या क्रिकेटमुळे. मैदान आपल्याला न दिसता सांगणारा एक माणूस रेडिओकडे पूर्वीपासून आहे. समालोचक नेहमीच्या सुरात षटक सांगतोय, गोलंदाज धावत निघालाय, आणि मधेच त्याचं वाक्य अडखळतं. एक क्षण त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. मग तो वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, या वेळी ‘डाव्या हाताने’ हे शब्द घालून. बाजूला बसलेला जाणकार त्याला दुरुस्त करायला जातो आणि गप्प होतो. पाकिटासारखं हवेला सांगणं इथे नाही, कारण सांगणं हाच त्या दोघांचा धंदा. अडखळणं किती लांबवायचं, एवढंच काय ते दिग्दर्शकाने ठरवायचं. गणपतीच्या सोंडेसाठी समालोचक मिळणार नाही. त्यासाठी घरातल्या एखाद्या आजीला देवापुढे बसवावं लागेल. मूर्ती पुसता पुसता ती कुणाला तरी हाक मारील आणि विचारील, ही दुसरी कुणी आणून ठेवली?